वजाबाकी

केजेतियाच्या बाजारात ती पेटी घेतली तेव्हा
पाठीवर चंदेरी अक्षरांत लिहिलं होतं : पाच हजार वॅट.
पुढे निळे दिवे, गाण्याबरोबर धावणारे.
इतकी हलकी की एका हाताने उचलून
मी ती ट्रोट्रोच्या टपावर ठेवली.
वोफा अंपोन्साने, माझ्या मामाने,
ती बोटाने वाजवून पाहिली, कलिंगड पाहावं तशी.
म्हणाला, "पाच हजार किती वेळ?
पापणी लवेपर्यंत?"

त्याच्या पेट्या काळ्या, कोपरे झिजलेले,
रंग उडाला तिथे आतलं लाकूड.
एकेक उचलायला दोन माणसं आणि एक शिवी.
पाठीवर आठशे.
आठशे म्हणजे आठशे,
सकाळी सातपासून, उन्हात,
कुणी पुरे म्हणेपर्यंत.

शनिवारी एजिसूला ओपानिन बाडूला निरोप.
कोकोची पोती तोलण्यात हयात गेलेला माणूस.
लाल-काळी वस्त्रं, सहाशे प्लास्टिकच्या खुर्च्या,
हरमटानची धूळ दातांत करकरणारी.
वोफाने डावी बाजू मला दिली.
"लाव तुझी."

अकराला आवाज मोठा होता, खोटं कशाला बोलू.
पोरं दिव्यांभोवती जमली.
साडेबाराला ऊन पेटीवर आलं
आणि भजनी मंडळातले पुरुष आधी पातळ झाले,
मग कागदात गुंडाळल्यासारखे,
मग नुसते दिवे,
निळे, मुक्याने नाचणारे.
कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

वोफा बोलला नाही.
उजवी पेटी गुडघ्याने जराशी वळवली,
खाली लाकडाची पाचर सरकवली,
आणि मला केबल गुंडाळायला बसवलं.
एक वेढा वरून, एक खालून, पीळ पडू न देता.
प्रत्येकीवर पांढरी पट्टी,
पट्टीवर शाईने तारीख, शेवटची कधी तपासली त्याची.

आत तीन तारा, तो म्हणाला.
एक नुसती ढाल.
उरलेल्या दोघी एकच निरोप घेऊन धावतात,
एक सुलटा, एक उलटा.
वाटेत जनरेटर गुरगुरतो, कुणाचा फोन किरकिरतो,
तो कचरा दोघींना सारखाच चिकटतो.
टोकाला एकीतून दुसरी वजा केली
की कचऱ्यातून कचरा जातो.
निरोप राहतो.
मी म्हणालो, माझ्या पेटीत दोनच तारा येतात.
म्हणाला, माहीत आहे. ऐकू येतं.

तीनला मामे सेरवा उठली, बाडूची बायको.
माइक तोंडापासून हातभर लांब धरला,
जणू तो चावेल.
वोफाचं बोट पट्टीवर चढत गेलं,
मी दात आवळले, आता शीळ येणार.
आली नाही.
(पहाटे रिकाम्या मंडपात त्याने ती मुद्दाम काढली होती,
कुठून उठते ते हेरून तेवढीच जागा कापली होती.
मी तेव्हा दिव्यांचे रंग बदलून पाहत होतो.)
इतकं शांत झालं की वाटलं, याचीही बंद पडली.
मग त्या शांततेत एक श्वास आला.
आवंढा आला.
मग ती नवऱ्याला म्हणाली,
"काट्यावर बोट नाही ठेवलंस कधी."
एवढंच. माइक परत दिला.
रस्त्यापलीकडच्या नारळवाल्याने
कोयता खाली ठेवलेला मी पाहिला.

संध्याकाळी माझी पेटी निवली.
वोफाने स्वतः ती मांडवामागे नेली,
जिथे बायका पातेली घासत होत्या,
आणि फोन जोडून हायलाइफ लावलं.
त्यांना तारांचं काही नव्हतं.
दिवे पाहून एक आजी हात पुसत उठली, नाचली,
दुसरीने झाकण वाजवलं.
पेटी वाजत राहिली, गोड, बेताची.

रात्री आठशेच्या पेट्या गाडीत चढवताना
माझी कंबर धरली.
मग बसून मी नखाने
माझ्या पेटीवरची चंदेरी अक्षरं खरवडली.
निघेनात.
तेवढं मात्र पक्कं काम होतं.